दुसरं कुलूप

माझ्या सायकलीला दोन कुलपं होती आणि त्यातलं एकच माझं होतं. हे मला सायकल दोनदा ओढून झाल्यावर कळलं. संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. नसरापूरहून आलेल्या एसटीतून मी नेहमीप्रमाणे भोर स्टँडच्या अलीकडच्या वळणावर उतरलो होतो, कारण तिथं गाडी हळू होते आणि कंडक्टर आता मला ओळखतात, आणि मागच्या फाटकातून आत आलो होतो. फाटकाजवळच्या भिंतीला एक लोखंडी पाइप आडवा बसवलेला आहे. तो कशासाठी ते कुणालाच माहीत नाही. त्याला टेकवून मी रोज सकाळी सायकल लावतो. खिशातून किल्ली काढली, वाकलो, मागच्या चाकाचं गोल कुलूप उघडलं, ते नेहमीसारखं टक्क करून मागं गेलं, आणि हँडल धरून सायकल ओढली. ती आली नाही. वाटलं, पेडल अडकलं असेल. पुन्हा ओढली तेव्हा साखळी खळखळली. सांगाड्यातून आत घातलेली, पाइपाला दोन वेढे दिलेली जाड साखळी, आणि तिची दोन्ही टोकं एकत्र धरून बसलेलं एक जुनं, तळहाताएवढं कुलूप. मी काय केलं असेल, तर माझ्या जुडग्यातल्या सगळ्या किल्ल्या त्याला लावून बघितल्या. घराची, कपाटाची, शाळेतल्या माझ्या टेबलाच्या खणाची. त्या लागणार नव्हत्याच. पण मी असाच आहे, दार बंद दिसत असलं तरी दोनदा ढकलून बघणारा. मग मी उभा राहिलो आणि आजूबाजूला कुणी हसतंय का ते पाहिलं. कुणी हसत नव्हतं. माघातली थंडी पडायला लागली होती आणि लोक आपापल्या गाडीच्या घाईत होते.

आधीची सायकल याच पाइपापासून गेली, दसऱ्याच्या सुमाराला. तेव्हाही मागच्या चाकाला हेच गोल कुलूप होतं. ते उघडायचा त्रास चोरानं घेतलाच नाही. दोघांनी मिळून पुढून-मागून उचलली असेल आणि आजारी माणसाला नेतात तशी नेली असेल. चौकीत हवालदारांनी बसायला खुर्ची दिली, चांगलं बोलले, आणि सायकलीचा नंबर विचारला. सायकलीला नंबर असतो हे मला बेचाळिसाव्या वर्षी समजलं. म्हणून ही नवी आली तेव्हा रत्नानं, माझ्या बायकोनं, सांगाड्याखाली ठोकलेला नंबर कॅलेंडरवर लिहून घेतला, गॅसच्या तारखेच्या खाली, आणि दर महिन्याचं पान उलटताना ती तो नव्या पानावर उतरवते. सीट काढून नेण्याची कल्पना मात्र माझी. सकाळी सायकल लावली की मी पिशवीतून पाना काढतो, सीटचा बोल्ट सैल करतो, सीट उपसून पिशवीत घालतो आणि साडेआठच्या गाडीत बसतो. सीट नसलेली सायकल कोण चोरणार, असा त्यामागचा विचार. शाळेत मी क्लार्क आहे. माझ्या टेबलाखाली दिवसभर ती सीट पडलेली असते आणि विज्ञानाचे सौमित्र सर येता-जाता विचारतात, आज घोडा कुठं बांधला? मी हसतो. मोटरसायकल मला जमली नाही. एकदा पडलो, गुडघ्याची वाटी सरकली, तेव्हापासून मोटरसायकलला हात लावला नाही. मुलगी शिवानी भोरला अकरावीत आहे म्हणून बिऱ्हाड भोरला, नोकरी नसरापूरला, आणि घर स्टँडपासून तीन किलोमीटरवर. त्यामुळं सायकल. एवढं सगळं मी एका सायकलीसाठी करत होतो आणि आता माझ्यापेक्षा जास्त काळजी घेणारं कुणीतरी निघालं होतं.

शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला होता. चोर तुमच्या गाडीला आपलं कुलूप लावतात. तुम्ही येता, तुम्हाला ती नेता येत नाही, अंधार पडतो, तुम्ही कंटाळून घरी जाता, उद्या बघू म्हणता. मग ते येतात, आपल्या किल्लीनं आपलं कुलूप काढतात आणि बाकीचं आरामात करतात. व्हिडिओच्या शेवटी एक माणूस हात जोडून सावध राहा म्हणतो. तो मी तीनदा पाहिला होता. आणि आता तो माझ्याच सायकलीवर चालू झाला होता. नेता येत नाही, सोडून जाता येत नाही. स्वतःची वस्तू, स्वतःच्या हातात हँडल, स्वतःचं कुलूप उघडलेलं, आणि तरी मी तिथं दुसऱ्याच्या दारात उभा असल्यासारखा उभा होतो. मला राग आला नाही. राग यायला समोर कुणी लागतं. मला फक्त थकल्यासारखं झालं.

फाटकाशी सखूबाई पेरू घेऊन बसतात. मी रोज त्यांच्याकडून दोन पेरू घेतो, खायला नाही, त्यांनी सायकलीकडे लक्ष ठेवावं म्हणून. त्यांना विचारलं, माझ्या सायकलीला कुलूप कुणी लावलं ते पाहिलं का? त्या टोपली आवरत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "म्हातारं बसलं व्हतं की हितं, तुमच्या सायकलीला टेकून. दुपारधरनं बसलं व्हतं. आता मगाशी तिकडं गाड्यांकडं गेलं." मी विचारलं, कसलं म्हातारं? त्या म्हणाल्या, म्हाताऱ्यासारखं म्हातारं, टोपी, धोतर, हातात पिशवी. पेरू दिला तर घेतला नाही, म्हणालं दात न्हाईत. एवढं सांगून त्यांनी टोपलीवर फडकं बांधलं आणि त्या त्यांच्या गाडीला निघून गेल्या. टोपी, धोतर आणि पिशवी. प्रत्येक गाडीतून अशी चार माणसं उतरतात. मी स्वतःला हे सांगितलं, आणि लगेच दुसरंही सांगितलं, की चोर अशाच माणसाला राखणीला बसवतात, ज्याच्याकडे कुणी बघत नाही.

त्या दिवशी भोरमध्ये एक म्हातारा माझाही होता. हे मला सकाळपासून माहीत होतं आणि सकाळपासून मी ते बाजूला सारत होतो. आबा, माझे वडील, मार्गासनीला राहतात. सोमवारी त्यांचा फोन आला होता. गुरुवारी प्रांत कचेरीत बोलावलंय, धरणग्रस्ताचा दाखला शिवानीच्या नावानं करून द्यायचाय, पुढं पोरीला नोकरीला उपेगी पडंल, तू आलास तर बरं, मला कागुद वाचता येत न्हाई. मी म्हणालो, आबा, गुरुवारी शाळेत तपासणी आहे, रजा मिळणार नाही. ते लगेच म्हणाले, मग नगं, तपासनी म्हंजे मोठं काम, म्या बघतो. तपासणी नव्हती. गुरुवारी शाळेत इतकं काही नव्हतं की साडेदहाला मी आणि सौमित्र सर शाळेसमोरच्या एसटी थांब्यावर अर्धा तास चहा पीत बसलो होतो. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितलीच नाही. कचेरीत आबांच्या शेजारी उभं राहणं मला नको होतं. ते शिपायालाही साहेब म्हणतात. बाकावर जागा असली तरी भिंतीला टेकून खाली बसतात, नाव पुकारलं की धडपडून उठतात आणि दोन्ही हात जोडतात, आणि जोडलेले हात बोलणं संपेपर्यंत खाली घेत नाहीत. मी रोज अशा माणसांच्या दुसऱ्या बाजूला बसतो. दाखल्याला आलेल्या बापाला मान वर न करता पुढच्या आठवड्यात या म्हणायची माझी एक सवय आहे. ती मला आबांच्या बाजूनं बघायची नव्हती. हे सगळं आता मी नीट लिहितो आहे, पण तेव्हा एवढंच होतं की फोन ठेवल्यावर जीव भांड्यात पडला आणि रत्नानं विचारलं तेव्हा तिलाही मी तपासणीच सांगितली.

उजेड कमी होत होता. मी वाकून कुलूप हातात घेतलं. ते जड होतं, गार होतं आणि त्याला नुकतंच तेल लावलेलं होतं. जुन्या लोखंडाला ताजं गोडेतेल. साखळीला दुसराच वास होता, मी बोटं नाकाजवळ नेली. तो बाजारातल्या लोखंडाचा वास नव्हता, गोठ्यातला होता, जनावराच्या मानेच्या केसांचा आणि सुकलेल्या शेणाचा. म्हशीला बांधायची साखळी होती ती. भोरच्या बाजारात अशा साखळ्या ढिगानं मिळतात, मी मनात म्हणालो, आणि त्या वाक्याला धरून बसलो. पण हात कुलपावरच होता. किल्लीच्या भोकावर एक छोटं गोल झाकण होतं, खिळ्यावर फिरणारं, आणि माझा अंगठा ते बाजूला सारत होता आणि सोडत होता. सारत होता आणि सोडत होता. ते झाकण अर्ध्यावर अडतं. तिथं त्याला जरा वर उचलावं लागतं, मग ते सरकतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मघाशी किल्ल्या लावून बघतानाही मी ते तसंच वर उचलून सरकवलं होतं, पहिल्याच फटक्यात. माझ्या अंगठ्याला ते ठाऊक होतं. मी हात काढून घेतला.

आमची आठ-दहा घरांची वाडी गुंजवणे गावाच्या खालच्या अंगाला होती. दारांना कड्या असायच्या, कुलपं नसायची. घरात कुणी ना कुणी असायचंच, आणि नसलं तर कडीत एक काटकी अडकवायची; म्हणजे कुत्रं आत जात नाही आणि आलेल्याला कळतं की घरात माणूस नाही. मी पाचवीत गेलो आणि मार्गासनीच्या शाळेसाठी आबांनी कुठून तरी एक जुनी सायकल आणली, माझ्यापेक्षा उंच. मी नळीखालून पाय घालून ती चालवायचो. वाडीतली ती पहिली सायकल. रात्री ती घरात, गोठ्याच्या कडेला, म्हशीच्या शेजारी ठेवायची आणि म्हैस तिच्या हँडलला मान घासायची. तरी आबांना चैन पडेना. दिवसा सगळे भातात गेले की घर उघडं. पुढच्या बाजाराला ते भोरला आले आणि कुलूप घेऊन गेले. वाडीतलं पहिलं कुलूप. मी ते उशाला घेऊन झोपलो, झाकण सारत आणि सोडत. आणि दुसऱ्या दिवशी शेजारचे गेनूकाका ओसरीशी येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. "रखमाजी, इतकी वर्सं काटकी पुरली," ते म्हणाले, "आता आमी चोर झालो व्हय?" आबांनी पुष्कळ समजावलं. कुलूप पोराच्या सायकलीसाठी आहे, तुमच्यासाठी न्हाई, म्हणाले. गेनूकाका महिनाभर आमच्याकडे आले नाहीत. आबा रोज सकाळी कुलूप लावताना त्यांच्या दाराकडे बघायचे, चोरी करत असल्यासारखे. पण लावायचे.

वाडी धरणात गेली तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. लोकांनी वासे, कौलं, चौकटी, सगळं उतरवून टेम्पोत भरलं. आमचीही कौलं उतरली. राहिल्या चार भिंती आणि एक दार. ते दार चौकटीत इतकं फुगून बसलं होतं की निघालं नाही. शेवटच्या दिवशी सगळे निघाले तेव्हा आबांनी ते दार ओढून घेतलं आणि त्याला कुलूप लावलं. वर आभाळ उघडं. माणसं हसली. गेनूकाका तर पोट धरून हसले. मीही हसलो, मला माझं हसणं आठवतं. आबाही थोडं हसले. दोन दिवसांनी ते एकटेच चालत परत गेले आणि कुलूप काढून घेऊन आले. चांगलं कुलूप हाय, म्हणाले, पान्यात गंजून जाईल. त्यावर कुणी हसलं नाही. नंतर ते कुलूप कुठं होतं मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. या दिवाळीत मार्गासनीला गेलो तेव्हा मी सायकल चोरीला गेल्याचं सगळ्यांना रंगवून सांगितलं, सीट काढून नेतो तेही सांगितलं, आई हसून हसून दमली. आबांनी एवढंच विचारलं, "कुलूप कसलं व्हतं?" मी म्हणालो, मागच्या चाकाचं, गोल. ते उठले आणि आत गेले. आतून पत्र्याची पेटी सरकवल्याचा आवाज बराच वेळ येत होता. आईनं हाक मारली, काय शोधता? काही न्हाई, ते म्हणाले.

तर मला तेव्हा कळलं होतं का? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं आहे. मी मोबाईल काढला. आबांचे तीन फोन येऊन गेले होते. पहिला बारा चाळीसला, तेव्हा मी टेबलावर होतो आणि मुद्दाम घेतला नव्हता. दुसरा तीनला. तिसरा गाडीत, सहाला पाच कमी असताना. तो वाजत राहिला, लोक बघायला लागले, आणि मी बटण दाबून त्याचा आवाज बंद केला. मला वाटलं होतं, कचेरीत काम झालं नसेल, आता ते सांगतील, आणि मला पुन्हा तपासणीचं बोलावं लागेल. आता स्टँडच्या भिंतीशी उभं राहून मी त्या तीन लाल ओळींकडे बघत होतो. एक फोन लावला असता तर सगळं संपलं असतं. पण फोन लावला की आवाज येणार. तपासणी कशी झाली, असं तो आवाज विचारणार. म्हातारं जर आबा असेल, तर ते दुपारपासून इथं बसलं होतं, मी न उचललेला फोन लावत, आणि हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. चोर मला सोयीचा होता. चोरापुढं मी निर्दोष होतो, गरीब बिचारा होतो, चौकीत मला खुर्ची मिळाली असती. मी मोबाईल खिशात ठेवला. रत्नालाही फोन केला नाही, कारण तिनं पहिलं आबा भेटले का, हेच विचारलं असतं. आबा अडीचच्या गाडीनं कधीच गेले असतील, मी स्वतःला सांगितलं. हातांना साखळीचा वास येत होता. मी ते पँटला पुसले आणि रस्ता ओलांडून गोरखच्या दुकानात गेलो.

गोरखचं जाळ्या आणि फाटकं बनवायचं दुकान आहे. तो शटर ओढायच्या बेतात होता. त्याला सांगितलं तर तो बॅटरीवरचं ग्राइंडर घेऊन आला, त्याच्याबरोबर दुकानासमोर गप्पा मारत उभे असलेले दोघं-तिघंही आले. त्यानं आधी सायकल पाहिली, मग मला. "भाऊसाहेब, तुमचीच हाय ना? राग मानू नका, पर उद्या कुनी इचारलं तर?" माझी सायकल माझी असल्याचा पुरावा काय? नंबर कॅलेंडरवर होता. कॅलेंडर घरी होतं. शेवटी मी पिशवीतून सीट काढली आणि नळीत बसवून दाखवली. ती बसली. लोक हसले आणि गोरखला पटलं. मग तो उकिडवा बसला आणि त्यानं कुलूप हातात घेतलं, वर-खाली करून बघितलं, झाकण सरकवायचा प्रयत्न केला. ते अर्ध्यावर अडलं. मी काही बोललो नाही. तो म्हणाला, "लई जुनं हाय वो. आसं आता मिळत न्हाई. थोडी वाट बगायची का? ज्याचं आसंल त्यो यील." मी म्हणालो, अंधार पडतोय. तो म्हणाला, मग साखळी कापू का, साखळीची कडी मऊ असते, कुलूप वाचंल. त्यानं हे विचारलं होतं, हे मला विसरता येत नाही. साखळी कापून कुलूप ठेवता आलं असतं. पण मला ते कुलूप नकोच होतं समोर. ते तसंच राहिलं असतं तर ते कुणाचं, हा प्रश्नही राहिला असता.

"कुलूपच काप," मी म्हणालो.

ग्राइंडरचा आवाज स्टँडभर गेला. ठिणग्या पाइपावर उडाल्या, भिंतीवर उडाल्या, मी डोळे मिटले. आवाज ऐकून माणसं जमली, एसटीची वाट बघणाऱ्यांना तेवढंच काहीतरी. कुणी विचारलं काय झालं, कुणी सांगितलं किल्ली हरवली, कुणी सांगितलं चोर सापडला. लोखंड जळल्याचा आणि तेल जळल्याचा वास आला, पोह्यांना फोडणी देताना येतो तसा, आणि मला एकदम आमची ओसरी आठवली, काहीही कारण नसताना. मग आवाजाची पट्टी बदलली, पातळ झाली, आणि कुलपाची वरची कडी एका बाजूनं तुटली. गोरखनं ती हातोडीनं वाकवली, साखळी मोकळी झाली आणि खळखळ खाली पडली. कुलूप त्यानं फरशीवर ठेवलं, हात लावू नका, पोळंल, म्हणाला. सायकल सुटली होती. लोकांचं काम संपलं होतं. ते एकेक करून पांगले आणि मागं एकच माणूस राहिला.

आबा उभे होते. उजव्या हाताची मूठ छातीपाशी धरलेली, डाव्या हातात पिशवी. नसरापूरच्या गाडीतून मी फलाटावर उतरणार म्हणून ते तिकडं जाऊन उभे राहिले होते. दोन गाड्या आल्या, दोन्हीतून मी उतरलो नाही. मी वळणावर उतरतो हे त्यांना कुठून माहीत असणार? सायकल एवढा वेळ एकटी राहील म्हणून कुलूप लावून गेले होते. एवढ्या सायकलींत माझी कशी ओळखली, हे मी विचारलं नाही. सीट नसलेली ती एकच होती. मी "आबा" म्हणालो. ते माझ्याकडे नाही, फरशीवर बघत होते. मग त्यांनी मूठ उघडली. तिच्यात किल्ली होती, काळ्या दोऱ्यात ओवलेली, आणि इतका वेळ आवळून धरल्यानं तळहातावर तिचा ठसा उमटला होता.

"आरं, किल्ली व्हती की माझ्यापाशी," ते म्हणाले.

गोरखनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून ग्राइंडरची पाती पुसायला लागला. आबा गुडघ्यांवर हात टेकत हळूहळू खाली बसले. गोरख म्हणाला, आजोबा, गरम हाय, पण त्यांनी उपरण्याच्या टोकात धरून कुलूप उचललं, फुंकर घातली, अंगठ्यानं झाकण जरा वर उचलून बाजूला सारलं आणि किल्ली घातली. फिरवली. कुलूप उघडलं. आत उरलेला कडीचा तुकडा खट्कन वर आला. आबांनी तो पुन्हा दाबून बसवला, पुन्हा किल्ली फिरवली, तो पुन्हा वर आला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"चालतंय अजून," ते गोरखला म्हणाले.

मला काहीतरी बोलायचं होतं. मी विचारलं, कचेरीत काय झालं? त्यांनी कुलूप उपरण्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं, साखळी मात्र माझ्या कॅरिअरला गुंडाळायला लागले, ही ऱ्हाऊ दे तुला, म्हणाले. मग म्हणाले की साहेब नव्हते, कागद वाचणारं माणूस घेऊन या म्हणाले, पुढल्या बेस्तरवारी बोलावलंय. पुढच्या आठवड्यात. मी म्हणालो, "मी येतो, आबा. मी रजा टाकतो." ते साखळीचं टोक कॅरिअरच्या जाळीत अडकवत होते. ते अडकलं की नाही ते त्यांनी दोनदा ओढून पाहिलं.

"नगं," ते म्हणाले. "तुझी तपासनी आसंल."

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. टोमणा नव्हता, राग नव्हता. मग ते म्हणाले की सकाळी नसरापूरला तुझ्या साळंसमोरच गाडी बदलली, साडेधाला, कुलूप तिथंच देऊन टाकावं म्हणलं, पर कामाच्या वक्ताला कशाला. एवढंच म्हणाले. त्यांनी थांब्यावरच्या चहाच्या टपरीकडे पाहिलं होतं की नाही, हे मला कळलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते सायकलीकडे बघत होते. मला आजही ते माहीत नाही आणि विचारण्याची माझी हिंमत नाही.

मार्गासनीची गाडी निघून गेली होती. मी म्हणालो, आता घरीच चला, शिवानी वाट बघत असेल. बरं, ते म्हणाले. सीट मघाशी नुसती बसवली होती, बोल्ट आवळायचा राहिला होता. मी पिशवीतून पाना काढला आणि वाकलो. पाना दोनदा निसटला. आबा पुढं आले, पिशवी हँडलला अडकवली, आणि मी बोल्ट आवळून होईपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी सायकल धरून ठेवली.